‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचं काय चुकतं?

‘तहान लागली, पाणी दे.’ मराठीत याहून साधं वाक्य शोधून सापडणार नाही. त्यातला ‘तहान’ हा शब्द संस्कृत ‘तृष्णा’वरून आला. तृष्णाचं प्राकृतात ‘तण्हा’ झालं आणि मराठीत ‘तहान’. म्हणजे मूळचा ण गेला आणि न आला. ‘पाणी’ आलं ‘पानीय’वरून. तिथे मूळचा न गेला आणि ण आला. चार शब्दांच्या वाक्यात दोन्ही अक्षरांनी आपापली जागा सोडली, तरी ते वाक्य आपण शुद्ध मराठी मानतो. मग अकोल्याचा, जळगावचा किंवा अलिबागजवळच्या कोळीवाड्यातला मुलगा ‘पानी’ म्हणाला की वर्गात खसखस का पिकते? त्याने उच्चारलेला न तर मूळच्या ‘पानीय’मध्येही आहे.

हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. मराठी मुलांच्या शालेय आयुष्यात उच्चारावरून जितके अपमान होतात, तितके क्वचितच आणखी कशावरून होत असतील. वक्तृत्व स्पर्धेत, तोंडी परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बैठकीत, सगळीकडे ‘न’ आणि ‘ण’ यांची चाळणी लावलेली असते. तिच्यातून खाली पडणारा मुलगा मठ्ठ, गावठी, संस्कार नसलेला ठरतो. माझं म्हणणं एवढंच आहे की लिहिण्यासाठी प्रमाण मराठी हवी आणि ती प्रत्येक मुलाला उत्तम आली पाहिजे. पण बोलण्यातल्या उच्चारावरून माणसाची लायकी ठरवण्याला आपल्या भाषेच्या इतिहासात कुठलाही आधार नाही, आणि शाळेने हे काम ताबडतोब थांबवलं पाहिजे.

आधार नाही असं म्हणतो, तर इतिहास जरा नीट उलगडून पाहू.

कान, पान, रान, सोनं, चुना, जुना, ऊन, पुनव. हे सगळे शब्द पुण्याच्या पेठांतही ‘न’नेच उच्चारले जातात. त्यांची संस्कृत मुळं मात्र अनुक्रमे कर्ण, पर्ण, अरण्य, सुवर्ण, चूर्ण, जीर्ण, उष्ण आणि पूर्णिमा. प्रत्येकात ण आहे. तो ण आपल्या पूर्वजांनी टाकून दिला आणि आज ‘कान’ला कुणी अशुद्ध म्हणत नाही. आता उलटी रांग पाहा. माणूस आला मानुषावरून, बहीण भगिनीवरून, नणंद ननान्दृवरून, लोणी नवनीतावरून, कहाणी कथानिकेवरून, वहाण उपानहावरून, धणी धनिनावरून. इथे सगळीकडे मूळचा न आहे आणि प्रमाण मराठीने त्याचा ण केला आहे. सगळ्यात सुंदर जोडी आहे ‘ऊन’ आणि ‘उणा’ यांची. संस्कृतात ‘ऊन’ म्हणजे कमी. त्याचं मराठीत झालं ‘उणा’. आणि संस्कृत ‘उष्ण’चं मराठीत झालं ‘ऊन’. एकाचा ण दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याचा न पहिल्याकडे आला.

हे सगळं मनमानीने झालेलं नाही. त्यामागे एक नियम आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या जडणघडणीवर जो ग्रंथ लिहिला आणि जो १९२० साली प्रसिद्ध झाला, त्यात असे ध्वनिबदल बारकाईने तपासले आहेत. ढोबळ मानाने असं सांगता येईल की दोन स्वरांच्या मध्ये एकेरी न किंवा ण आला तर मराठीत तो ण होतो. प्राकृतात जिथे तो जोडून ‘ण्ण’ किंवा ‘ण्ह’ झाला होता, तिथे मराठीत न होतो. कर्णाचं कण्ण झालं म्हणून कान. भगिनीचं बहिणी झालं, ण एकेरीच राहिला, म्हणून बहीण. बोलणाऱ्या कुणालाही हा नियम माहीत नव्हता. शेतात, बाजारात, चुलीपुढे बोलताना लाखो तोंडांनी तो पाळला, कारण भाषा अशीच बदलत असते.

मग वऱ्हाडात, खानदेशात आणि उत्तर कोकणाच्या आगरी-कोळी वस्त्यांत काय घडलं? तिथल्या लोकांनी उरलेल्या ‘ण’चाही न केला. कान, पान, रान या वाटेवर मराठी आधीच चालू लागली होती, हे लोक त्याच वाटेने एक पाऊल पुढे गेले. पहिल्या पावलाला आपण भाषेचा विकास म्हणतो आणि दुसऱ्याला अशुद्धपणा. या दोन पावलांत ध्वनीच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. फरक आहे तो फक्त ते पाऊल कुणी टाकलं याचा.

हे पटत नसेल तर दिल्लीकडे पाहावं. हिंदीत ‘पानी’ हाच प्रमाण उच्चार. पण दिल्लीला लागून असलेल्या हरियाणात लोक ‘पाणी’ म्हणतात, पंजाबीतही ‘पाणी’च. हरियाणातल्या खेड्यातला मुलगा दिल्लीच्या कॉलेजात ‘पाणी’ म्हणाला की त्याला देहाती ठरवतात. तोच मुलगा पुण्यात आला असता तर त्या एका शब्दापुरता तो सुसंस्कृत ठरला असता. आणि अकोल्याचा मुलगा दिल्लीत गेला तर त्याचं ‘पानी’ तिथे बिनचूक. ज्या उच्चाराने एका शहरात माणूस वर चढतो त्याच उच्चाराने दुसऱ्या शहरात खाली पडतो. तेव्हा त्या उच्चारात स्वतःचं असं श्रेष्ठत्व काही असू शकत नाही.

हे इंग्रजीतही तपासून झालेलं आहे. इंग्लंडमध्ये शब्दातला स्वरानंतरचा ‘र’ गिळणं हे वरच्या वर्गाचं लक्षण मानलं जातं. न्यूयॉर्कमध्ये नेमकं उलट झालं. विल्यम लबोव्ह या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली तिथल्या तीन दुकानांतल्या विक्रेत्यांना चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विचारला आणि ते ‘फोर्थ फ्लोअर’ कसं म्हणतात हे टिपून घेतलं. महागड्या दुकानात ‘र’ सर्वांत जास्त ऐकू आला आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी. लंडनमधलं प्रतिष्ठित बोलणं न्यूयॉर्कमध्ये गरिबाचं बोलणं होतं.

पुन्हा मराठीकडे येऊ, कारण ‘ळ’ची गोष्ट राहिली आहे. ‘ळ’ हा आपल्याला मराठीचा मानबिंदू वाटतो, आणि वाटावाही. ऋग्वेदाची सुरुवातच ‘अग्निमीळे’ने होते. पुढच्या अभिजात संस्कृताने तो ळ सोडून दिला, तिथे ‘ईडे’ झालं. मराठीतला ळ मात्र बहुतांशी वेगळ्या मार्गाने आला. काल या संस्कृत शब्दाचं काळ झालं, फलाचं फळ, मालेची माळ, मूलाचं मूळ. एकेरी ‘ल’चा ळ झाला. आणि जिथे प्राकृतात ‘ल्ल’ होता तिथे ल राहिला. म्हणून फुल्लचं फूल, गल्लचा गाल, कल्य-कल्लचा ‘काल’, म्हणजे आजच्या आदला दिवस. जो नियम न-ण या जोडीला लागू झाला तोच ल-ळ या जोडीलाही. आगरी-कोळी माणूस ‘पोली’, ‘होली’ म्हणतो तेव्हा तो याच साखळीतली शेवटची कडी जोडत असतो. वऱ्हाडात आणि खानदेशात त्याच ‘ळ’चा य झाला. डोळ्याचा ‘डोया’, काळ्याचा ‘काया’, शाळेची ‘शाया’.

या ‘य’बद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बहिणाबाई चौधरींची मनावरची कविता महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी शाळेत पाठ केली. त्यातलं मन ‘वढाय’ आहे. वढाय म्हणजे ओढाळ, आणि ‘ळ’चा ‘य’ करणं हा जळगावकडच्या लोकांचा रोजचा उच्चार आहे. तो शब्द कोल्हापूरच्या आणि मुंबईच्या मुलांनीही तोंडपाठ केला, त्यातल्या लयीवर माना डोलावल्या, त्यावर रसग्रहणाचे गुण मिळवले. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नावही दिलं गेलं. आणि तरीही जळगाव जिल्ह्यातल्या मुलाने वर्गात उभं राहून ‘मले समजलं नाही’ म्हटलं, तर ‘मले नाही, मला म्हण’ हे उत्तर त्याला आधी मिळतं आणि त्याला काय समजलं नाही ते नंतर विचारलं जातं. पुस्तकातली बहिणाबाई चालते आणि बाकावर बसलेला तिचा गाववाला चालत नाही, हे मला अत्यंत अन्यायाचं वाटतं.

‘साळा’ म्हणणाऱ्यांची गोष्टही वेगळी नाही. श्वश्रूची सासू, श्वशुराचा सासरा, शशाचा ससा, आशेची आस. या सगळ्यांत ‘श’चा स झाला आहे आणि तो सर्वांना मान्य आहे. उलट सीव् धातूपासून आलेल्या शिवण्यात ‘स’चा श झाला, तोही मान्य. मग कुणी ‘साळेत’ किंवा ‘सेतात’ म्हटलं की कान का टवकारले जातात? सासूला सासू म्हणणाऱ्या माणसाने साळेला हसू नये, इतकं साधं आहे हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही त्याच दिवशी तो मिळाला. आपल्या दाव्यासाठी रंगनाथ पठारे समितीने जे पुरावे मांडले त्यांत नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख होता, हाल सातवाहनाची गाथासप्तशती होती. म्हणजे मराठीचं प्राचीनत्व आपण महाराष्ट्री प्राकृतावर उभं केलं. ही महाराष्ट्री कशी होती? गाथासप्तशतीची पहिली गाथा ‘पसुवइणो’ या शब्दाने सुरू होते. पशुपतीचं ‘पसुवइ’. श गेला, प मऊ होऊन व झाला, त तर पूर्णच गळाला. वररुचीने प्राकृताच्या व्याकरणात सूत्र दिलं, ‘नो णः सर्वत्र’. सगळीकडे ‘न’चा ण. म्हणून प्राकृतात नगराचं ‘णअर’ आणि नयनाचं ‘णअण’ होतं. संस्कृत नाटकांत स्त्रिया, नोकरचाकर आणि सामान्य माणसं प्राकृत बोलतात, राजा आणि पंडित संस्कृत. त्या काळच्या शिष्टांच्या लेखी आपल्या भाषेची आई ही ‘अशुद्ध’ बोलणाऱ्यांचीच भाषा होती. त्या अशुद्ध बोलण्यावर आपण अभिजाततेचा दावा केला आणि तो जिंकला. आता त्याच भाषेच्या लेकरांना शुद्धतेच्या नावाखाली गप्प बसवणं हे त्या दाव्याशीच प्रतारणा करणं आहे.

प्रमाण मराठी मग आली कुठून? ती आकाशातून पडली नाही आणि कुणी कट करूनही बनवली नाही. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, शाळा आल्या, सरकारी पाठ्यपुस्तकं लागली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. मोल्सवर्थच्या हाताखाली काम करणारे बहुतेक शास्त्री ब्राह्मण होते आणि पुस्तकं तयार होत होती ती पुण्या-मुंबईत. त्यामुळे तिथल्या शिकलेल्या घरांतली बोली छापली गेली, आणि छापली गेली म्हणून प्रमाण झाली. राजधानी नागपुरात असती आणि पहिला मोठा छापखाना तिथे निघाला असता, तर आज पुण्याच्या मुलांना ‘पाणी’साठी शिक्षा झाली असती. या प्रमाणभाषेने केलेलं काम मोठं आहे. गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत एक वर्तमानपत्र वाचता येतं ते तिच्यामुळेच. तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ती सोयीसाठी ठरवलेली गोष्ट आहे, हे तिच्या नावाने छड्या मारणाऱ्यांनी विसरू नये.

ती किती सहज बदलते तेही पाहा. १९६२ पर्यंत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असं लिहिणं शुद्ध होतं. मग साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. काल शुद्ध लिहिणारा माणूस आज अशुद्ध ठरला. त्या अनुस्वारांपैकी कितीतरींचा उच्चार मात्र कोकणात आजही होतो. रत्नागिरीकडची म्हातारी माणसं ‘तें’, ‘केलें’ नाकातून म्हणतात आणि त्यांच्या या बोलण्याची नक्कल करून हशा मिळवला जातो. खरं तर नपुंसकलिंगाचा तो जुना नाकातला ध्वनी त्यांनीच सांभाळला आहे, जो ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत होता.

आणि ते नियमही लिहिण्याचे आहेत. नावच शुद्धलेखन. त्यात कुणी कसं बोलावं याचा कायदा नाही. लिहिण्याचा नियम बोलण्यावर लादण्याची जबाबदारी शाळेने स्वतःहून अंगावर घेतली.

शुद्धतेचा आग्रह शब्दांच्या बाबतीत आपण कधीच पूर्णपणे पाळलेला नाही, पाळूही नये. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, आणि त्यांतून महापौर आणि दिनांक यांसारखे चांगले शब्द रूढही झाले. पण पेशवा हा शब्द फारसी. चिटणीस आणि फडणवीस यांच्यातला ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, तोही फारसी. पाव, बटाटा, चावी, पगार, लिलाव आणि मेस्त्री पोर्तुगीजांकडून आले. ज्याच्याशिवाय वरण-भात होत नाही ते तूप कन्नडातून, आणि घरात मोठ्या भावाला हाक मारतो तो अण्णाही तिकडचाच. हे शब्द आपले झाले कारण आपण ते रोज वापरले. दूर लिस्बनहून आलेल्या शब्दाला घरात जागा मिळते, आणि घरच्याच माणसाच्या उच्चाराला मिळत नाही.

याहून बोचणारी एक गोष्ट आहे. मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकणारी कितीतरी मराठी मुलं आज ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतात. ‘झाड’, ‘जाड’, ‘चाक’ यांतला दातांना जीभ लावून काढायचा खास मराठी ध्वनी त्यांना येत नाही. ती हिंदीतल्यासारखा च आणि ज काढतात. पाहुण्यांसमोर आईवडील कौतुकाने सांगतात की इंग्रजी माध्यम आहे ना, त्याला जमत नाही. पाहुणेही हसून सोडून देतात. तोच ‘ल’ कोळीवाड्यातल्या मुलाच्या तोंडी आला की त्याला मात्र दहा वेळा म्हणायला लावलं जातं. ध्वनी तोच, अक्षर तेच. एकाला सूट आणि दुसऱ्याला शिक्षा, कारण एकाच्या बापाचा फ्लॅट आहे आणि दुसऱ्याच्या बापाची होडी. हे भाषेचं प्रेम असतं तर दोघांनाही सारखंच समजावलं असतं.

या शिक्षेचा परिणाम कसा होतो हे मी जवळून पाहिलं आहे. एका वक्तृत्व स्पर्धेत विदर्भातून आलेली मुलगी बोलत होती. विषयाची तयारी चांगली, आवाज खणखणीत. पण घरात ‘ण’ नव्हता आणि कुणीतरी तिला बजावून पाठवलं होतं की ‘न’ आला की गुण जातील. मग ती प्रत्येक ‘न’पाशी अडखळू लागली. ‘जीवन’चं ‘जीवण’ झालं, ‘अनुभव’चं ‘अणुभव’, ‘अभिनंदन’चं ‘अभिणंदण’. घरी असती तर हे शब्द तिने अगदी बरोबर उच्चारले असते. पहिल्या एक-दोन चुकांना प्रेक्षकांत कुजबुज झाली, पुढच्यांना हसू. तिचं लक्ष मुद्द्यावरून उडालं आणि ती मधेच थांबली. परीक्षकांच्या शेऱ्यात आशयाबद्दल एक शब्द नव्हता, ‘उच्चारांकडे लक्ष द्यावे’ एवढंच होतं. असं अतिशुद्ध बोलणं तुम्ही मुलाखतीत, भाषणात, बँकेच्या काउंटरवर कुठेही ऐकाल. ते अज्ञानातून येत नाही, भीतीतून येतं. भ्यालेली जीभ हमखास चुकते, आणि मग त्या चुकीचाच पुरावा देऊन आपण म्हणतो की बघा, यांना भाषा येत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप अर्थाचा. न-ण यांचा घोळ झाला तर ‘मन’ आणि ‘मण’, ‘सन’ आणि ‘सण’ कसे ओळखायचे? हा आक्षेप गंभीरपणे मांडला जातो, म्हणून उत्तरही तसंच देतो. आपली देवनागरी ‘चार’ हा आकडा आणि गुराला ‘चार’ ही आज्ञा सारखीच लिहिते. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांचे उच्चार वेगळे, अक्षरं तीच. तरी आजवर कुणाचं अडलं नाही, कारण वाक्य अर्थ सांगतं. तसंच वऱ्हाडी माणूस ‘दिवाळीचा सन’ म्हणाला तर त्याला कुणी इसवी सन समजत नाही. लाखो लोक पिढ्यान् पिढ्या असं बोलत आले आणि त्यांचे व्यवहार, भांडणं, लग्नं, कीर्तनं सगळं सुरळीत चाललं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मूल जसं बोलतं तसंच लिहितं, आणि ‘पानी’ लिहिलं तर पुढे स्पर्धा परीक्षेत त्याचंच नुकसान होतं. नोकरी देणारे तर उच्चारही पाहतात. म्हणून शिक्षक कठोर होतो तो मुलाच्या भल्यासाठीच. या कळकळीबद्दल मला शंका नाही. अनेक शिक्षक स्वतः अशाच घरांतून आलेले असतात, त्यांनी स्वतः चटके सोसलेले असतात आणि मुलाला ते बसू नयेत असं त्यांना मनापासून वाटतं. पण लिहिणं शिकवण्यासाठी बोलणं मोडावं लागत नाही. इंग्रजी शिकणारं मूल ‘नाइफ’ म्हणतं आणि लिहिताना आधी ‘के’ लिहितं. तो ‘के’ उच्चारायला त्याला कुणी सांगत नाही, लिहायची रीत म्हणून तो लक्षात ठेवायला सांगतात आणि ते ठेवतं. ‘ण’ही लिहायची रीत म्हणून तितक्याच शांतपणे शिकवता येतो. आणि नोकरी देणाऱ्यांच्या पूर्वग्रहापुढे मुलांनी वाकायचं की तो पूर्वग्रह मोडायचा, हे शेवटी समाजाने ठरवायचं आहे. काळ्या रंगावरून नोकरी नाकारली जाते म्हणून शाळेने मुलांना रंग उजळवायला सांगावं असं कुणी म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप, की मग आकाशवाणीवरच्या बातम्याही कुणी कशाही वाचाव्यात का? बातम्या लिहिलेल्या प्रमाण मराठीत असाव्यात. त्या वाचणाऱ्याच्या आवाजात त्याचा प्रदेश ऐकू आला तर काय बिघडलं? मालिकांमध्ये बोली येते ती नोकराच्या, गावगुंडाच्या किंवा विदूषकाच्या तोंडी. डॉक्टर, वकील, नायिका प्रमाण बोलतात. वऱ्हाडी बोलणाऱ्या डॉक्टर खऱ्या आयुष्यात अमरावतीत ढीगभर आहेत. त्या पडद्यावर दिसल्या तर तिथल्या मुलींना कळेल की डॉक्टर होण्यासाठी आधी आपली जीभ बदलावी लागत नाही.

काय करता येईल हेही सांगतो. पहिली गोष्ट अगदी बिनखर्चाची आहे. प्राथमिक शाळेतल्या तोंडी परीक्षेत आणि वक्तृत्व स्पर्धांत ‘उच्चार’ या नावाखाली जे गुण असतात, त्यांत स्पष्टपणा मोजावा, प्रदेश मोजू नये. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं का, शब्द गिळले का, वाक्य पुरं झालं का, हे परीक्षकाने पाहावं. न-ण, ल-ळ-य, स-श यांवरून गुण कापायचे नाहीत, हे स्पर्धेच्या नियमांतच छापावं.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणाची. डी.एल.एड.च्या मराठीच्या अभ्यासक्रमात ध्वनिबदलावर एक नीटस प्रकरण असावं. कर्ण-कान आणि पानीय-पाणी या दोन रांगा ज्या शिक्षकाने एकदा फळ्यावर स्वतः लिहिल्या, तो पुन्हा ‘पानी’ला हसणार नाही. उलट त्या रांगा तो पाचवी-सहावीच्या मुलांपुढे मांडू शकेल. माझा अनुभव असा की मुलांना हा खेळ विलक्षण आवडतो. दोन-चार जोड्या दिल्या की पुढच्या जोड्या ती स्वतः शोधू लागतात, आजीला विचारून घरचे शब्द आणतात. ज्या मुलाच्या बोलण्याची काल चेष्टा झाली, त्याच्याकडे आज वर्गातले सगळे माहितीसाठी वळतात. आणि गंमत म्हणजे ‘ण’ कुठे लिहायचा हेही त्याच खेळात पक्कं होतं, कारण आता त्यामागचं कारण कळलेलं असतं.

तिसरी गोष्ट पैशाची आहे. अभिजात दर्जामुळे मराठीसाठी केंद्राचा निधी येईल, संशोधन केंद्रं निघतील. त्यातला मोठा वाटा जुन्या पोथ्यांवर जाईल आणि तो जायलाही हवा. पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, गावोगाव जाऊन माणसांचे आवाज आणि शब्द गोळा केले आहेत. ते ध्वनिमुद्रण प्रत्येक जिल्ह्याच्या शाळांपर्यंत पोहोचवायला फार मोठी रक्कम लागणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत आता पडदे आणि स्पीकर आहेत. आपल्याच तालुक्यातल्या आजोबांचं बोलणं वर्गात अभ्यास म्हणून ऐकवलं जावं, आणि त्यावरचे प्रश्न चाचणीत यावेत. अभिजात मराठीच्या निधीतून पहिल्या वर्षी हे एकच काम झालं तरी त्याचा हिशेब मी मोठ्या समाधानाने वाचेन.